पेन्सिलीने लिहिलेले दिवस

मुलुंडला आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा मालकांनी माझ्या नवऱ्याला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, घरात मासे करता का हेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "जुनी पत्रं ठेवता की फाडता?"

नवरा गोंधळला. त्याला वाटलं, आधीच्या जागेच्या भाड्याबद्दल काहीतरी असेल. "पावत्या आहेत," तो म्हणाला.

"पावत्या नकोत हो. पत्रं. घरच्यांची. आजोबांनी आजीला लिहिलेली, काकांनी वडिलांना लिहिलेली."

सासूबाई आमच्यामागे जिन्याचा कठडा धरून उभ्या होत्या. कणकवलीकडून आणलेल्या त्यांच्या ट्रंकेत माझ्या सासऱ्यांची पत्रं होती. सासरे मुंबईला गिरणीत होते, गाववाल्यांच्या सामाईक खोलीत, गाळ्यावर राहत; आमच्या लग्नाआधीच गेले. त्या पत्रांना त्या मलासुद्धा हात लावू देत नसत. पण मालकांकडे बघून त्या म्हणाल्या, "ठेवलेली आसत. कित्याक?"

"मग जागा तुमची," मालक म्हणाले आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली.

हे ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतलं. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला दुमजली घर. सहा बिऱ्हाडं. मालक तळमजल्यावरच्या एका खोलीत एकटे राहत. लग्न केलेलं नव्हतं. सरकारी छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. उंच, काटकुळे, बाहेर जाताना कडक इस्त्रीचा शर्ट आणि घरी कायम भोकं पडलेलं बनियन. लहान पोरांनाही ते अहो-जाहो करत. आमच्या शेजारचा तीन वर्षांचा मुलगा जिन्यात शू करत होता तेव्हा मालक त्याला म्हणाले, "अहो, इथे नका करू, मोरी तिकडे आहे." तो मुलगा इतका दचकला की अर्ध्यावर थांबला.

त्यांना वेड एकच होतं. पूर्वी माणसं काय वाचत, कधी वाचत, कुठे बसून वाचत, हे त्यांना हवं होतं. आणि ते त्यांच्या मते फक्त दोन ठिकाणी सापडत होतं, पत्रांत आणि रोजनिशीत.

"छापलं म्हणजे वाचलं असं नाही," ते म्हणत. "मी आयुष्यभर असं छापलेलं तपासलं, जे माझ्यानंतर एकाही माणसाने वाचलेलं नाही. अमुक साली अमुक पुस्तक निघालं, एवढंच इतिहासात लिहितात. ते घेऊन कोण कुठे झोपी गेलं, ते कोणी लिहीत नाही."

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची त्यांनी कार्डं कापली होती. ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत उभी लावलेली असत. कुणाच्या जुन्या पत्रात वाचनाचा उल्लेख सापडला की एक कार्ड. मूड चांगला असला की ते कार्डं काढून वाचून दाखवत. एका मास्तरांनी बायकोला लिहिलं होतं, रात्री वाचत जाऊ नये, रॉकेल फार लागते. कुणा मेहुण्याने लिहिलं होतं, कादंबरी पाठवीत आहे, शेवटची पाने वाळवीने खाल्ली, शेवट भेटीअंती सांगेन. आणि एका वकिलाच्या रोजनिश्या होत्या. तो दर वर्षाच्या पहिल्या तारखेला एक जाडा इंग्रजी ग्रंथ वाचायला घेई. दर वर्षी तोच. मालकांचा तो फार लाडका होता. "बघा, किती चिकाटी," ते म्हणत आणि खो खो हसत.

दुसऱ्यांची पत्रं ते स्वतः वाचत नसत. तो त्यांचा नियम होता. पत्र ज्याचं त्याने मोठ्याने वाचायचं आणि वाचनाबद्दल काही आलं की थांबायचं. मधला मजकूर चालू असताना मालक खिडकीबाहेर बघत बसत. आपण ऐकत नाही हे दाखवायला कधीकधी हलकेच शीळही घालत. लोक आपल्या मेलेल्या माणसांची पत्रं वाचता वाचता रडत, भावाभावांत जुनी भांडणं निघत, आणि मालक पेन्सिल धरून खिडकीबाहेर बघत असत. "मला भांडणं नकोत. वाचन आलं की सांगा."

आम्ही राहायला आल्यावर दुसऱ्याच रविवारी ते आमच्याकडे आले. सासूबाईंनी ट्रंक उघडली. त्यांना अक्षरओळख होती, पण पत्र वाचण्याइतकी नाही. लग्नानंतर नवऱ्याची पत्रं त्यांना गावातले पोस्टमन वाचून दाखवत. त्यामुळे सासऱ्यांनी त्यात खासगी असं काही लिहिलंच नव्हतं. मी मोठ्याने वाचत होते. एका पत्रात आलं, 'रात्री गाळ्यावर कादंबरी वाचतो.' मालकांनी बोट वर केलं.

"कुठपर्यंत शिकले होते?"

"ते खंय वाचीत," सासूबाई म्हणाल्या. "गाळ्यावर एक जण वाची, बाकीचे आयकत."

मालक उठूनच उभे राहिले. "म्हणजे ते ऐकत आणि लिहीत 'वाचतो'."

"तर काय. एकाच दिव्यात किती जण वाचतले?"

पुढच्या पत्रात सासऱ्यांनी कळवलं होतं की वाचणारा शेतीच्या कामाला गावी गेला म्हणून गोष्ट थांबली आहे. त्यानंतरच्या पत्रांत त्या गोष्टीचं नावही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "त्या गोष्टीतल्या बाईचा शेवटी काय झाला, ता माका आजून ठावक नाय." मालकांनी तेही कार्डावर लिहून घेतलं आणि त्या दिवसापासून सासूबाईंच्या नजरेत ते घरचे झाले. त्यांचं जेवणाचं ताट झाकून खाली जायला लागलं. बोंबलाचं कालवण ते मिटक्या मारून खात.

माझं अक्षर बरं होतं. मी डोंबिवलीच्या माहेरी राहून बी.ए. केलं होतं, पण लग्नानंतर नोकरी मिळाली नव्हती. मालकांनी मला काम दिलं. त्यांच्या आईच्या रोजनिश्या होत्या, कागद पिवळे पडून तुटायला लागलेले. त्या नव्या वहीत उतरवून काढायच्या. मोबदल्यात त्यांच्या कपाटातली पुस्तकं मला केव्हाही नेता येणार होती.

त्यांचे वडील तालुक्याच्या गावी कचेरीत कारकून होते. कचेरीतल्या अर्धवट राहिलेल्या वह्या ते घरी आणत आणि त्यात आई रोज दोन-चार ओळी लिही. कोण आलं, कोण आजारी, तांदूळ काय भावाने मिळाला. आणि शेवटी न चुकता एक वाक्य: वाचणे झाले. किंवा, वाचणे झाले नाही. बहुतेक दिवशी झालेलं नसे. 'पाहुणे. वाचणे झाले नाही.' 'कुरडया. वाचणे झाले नाही.' 'धाकट्यास ताप. वाचणे झाले नाही.'

पण मधूनमधून, महिन्यातले तीन-चार दिवस ओळीने, बाईंनी भरपूर वाचलेलं असे. कादंबऱ्या, मासिकं, शेजारच्या वकिलांकडची वर्तमानपत्रं. मग पुन्हा सगळा महिना कोरा. शिवाय त्या दिवसांत पोथी म्हणून कधी वाचलेली नसे, आणि तेवढ्याच दिवसांचं लिखाण शाईऐवजी पेन्सिलीने केलेलं असे.

मालकांनी या कोड्यावर कित्येक वर्षं घालवली होती आणि त्यांना उत्तर सापडलं होतं. वडील दर महिन्याला तीन-चार दिवस वसुलीच्या फिरतीवर जात असणार. जाताना दौत-टाक बरोबर नेत, म्हणून आईला पेन्सिल. ते घरात नसत म्हणून तिला सवड. आणि पोथी संध्याकाळी त्यांच्यासमोर वाचायची असे, म्हणून त्या दिवसांत पोथी नाही. सगळं जागच्या जागी बसत होतं. आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वार्षिक समारंभात त्यांना भाषणाला बोलावलं होतं. आयुष्यातलं पहिलंच भाषण. विषय होता, आमच्या आया काय वाचत. भाषण लिहून तयार होतं. त्याची प्रुफंसुद्धा त्यांनी स्वतःच तपासली होती, लाल पेन्सिलीने.

आमच्या घरी सासूबाई जुन्या वळणाच्या. दोन खोल्यांत शिवाशिव पाळणं अवघड, तरी त्या पाळत. महिन्याचे ते दिवस आले की मी बाहेरच्या गॅलरीत चटईवर बसायची. ताट सरकवलं जायचं. मला त्याचा मनस्वी राग यायचा. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला कोणी हाक मारत नसे, आणि मालकांच्या कपाटातली अर्धी पुस्तकं माझी त्या चटईवर वाचून झाली.

एकदा अशीच गॅलरीत बसून मी रोजनिशी उतरवत होते. सासूबाईंनी लांबून विचारलं, "पोथी नाय ना ती?"

"नाही. साधी वही आहे."

"मग चलात."

मी पुन्हा वहीत डोकं घातलं. पेन्सिलीचे दिवस चालू होते. आणि त्यातल्याच एका दिवशी लिहिलेलं होतं, 'हे जेवून कचेरीस गेले.' वडील घरीच होते. मी मागची पानं चाळली. पेन्सिलीच्या दिवसांत ते कितीतरी वेळा घरी होते. कधी जेवत होते, कधी चिडत होते. मालकांनी तो मजकूर पाहिलाच नव्हता. सवयीने त्यांनी फक्त वाचनाचं शेवटचं वाक्य वाचलं होतं.

मग मला एकदम कळलं. मी चटईवर बसले होते, आणि तिकडे साठ-सत्तर वर्षांपूर्वी ती बाई कुठल्यातरी माजघराबाहेर भिंतीला टेकून बसली होती. पोथीला शिवायचं नाही. नवऱ्याच्या दौतीला शिवायचं नाही. पेन्सिल चालते.

मी चार दिवस गप्प राहिले. सत्तरीच्या घरातल्या माणसाला हे कसं सांगायचं? शेवटी सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मगे? आमका सगळ्यांका तेवढीच रजा. तेंका सांग गो. आवशीचा तेंका कळूक नको?"

मी खाली गेले. मालक भाषण पाठ करत होते.

"पेन्सिलीचे दिवस," मी म्हणाले. "त्या दिवसांत वडील घरीच असायचे. आई बाजूला बसत असणार."

"बाजूला म्हणजे?"

"बाहेरची."

त्यांना क्षणभर समजलं नाही. मग समजलं. ते लाजतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी हात पुढे केला आणि वही मागितली. कितीतरी वेळ ते पानं उलटत राहिले. मग दुसरी वही, तिसरी.

"इथे दीड वर्ष पेन्सिल नाही," ते म्हणाले. "मी यावर एक कार्ड केलं होतं. कागद आणि पेन्सिलींची टंचाई, असं लिहिलं होतं. मी झालो होतो तेव्हा."

मग त्यांनी शेवटच्या वह्या काढल्या. एका पानानंतर पेन्सिल परत आलीच नव्हती. तिथून पुढे सगळी शाई. आणि रोजचं एकच वाक्य, वाचणे झाले नाही, वाचणे झाले नाही. काही वर्षांनी तेही लिहिणं बंद झालेलं.

"मला वाटत होतं, तिचे डोळे गेले," मालक म्हणाले. "तिचं वय झालं होतं, एवढंच. रजा बंद झाली."

त्यांनी भाषणाचे कागद उचलले, चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. केराच्या टोपलीत टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

समारंभाला सासूबाई स्वतःहून निघाल्या. इस्त्रीचं नऊवारी लुगडं नेसून त्या बायकांच्या रांगेत अगदी मागे बसल्या, मी त्यांच्या शेजारी. मालक कागदाशिवाय उभे राहिले. मग ते म्हणाले, "माझ्या आईला महिन्यातून चार दिवस घरात कोणी शिवत नसे. त्या चार दिवसांत ती वाचत असे. ती वाचणारी होती म्हणून मी वाचायला लागलो. तेव्हा माझ्याकडे जी काही अक्षरांची माया आहे, ती त्या चार दिवसांतली आहे."

सभागृहात खुर्च्या वाजल्या. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. ते खाली बघत म्हणाले, "विषयाला धरून बोला."

"धरूनच बोलतोय."

"समोर स्त्रिया बसल्या आहेत."

"त्यांच्याचबद्दल आहे," मालक म्हणाले.

पुढच्या रांगेतले दोघं-तिघं उठून गेले. मालकांनी दौतीचं सांगितलं, पोथीचं सांगितलं, नवऱ्याच्या फिरतीबद्दलची आपली चूकही सांगितली. अध्यक्षांनी घंटी वाजवली तेव्हा ते शेवटच्या वह्यांपर्यंत आले होते. ते तिथेच थांबले, नमस्कार केला आणि खाली उतरले. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. बायकांच्या बाजूला मात्र कोणी जागचं हललं नव्हतं.

पुढच्या महिन्यात मी चटई काढायला गेले तर सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली. "र्‍हव दे ता आता. न्हाव नि घरात ये. भाजी चिरूची आसा."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना लक्षात आलं की आता महिन्याचे तीसही दिवस हेच. मी मालकांना पुस्तक परत करायला गेले आणि अर्धवट हसत म्हणाले, "तुमच्यामुळे माझं वाचन गेलं."

मालक हसले नाहीत. "खरंच गेलं?"

"सुट्टीच गेली ना."

ते बराच वेळ हातातलं पुस्तक पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता ते खुर्ची घेऊन जिन्याच्या तोंडाशी येऊन बसले. दोन ते तीन या घरातल्या बायकांना कोणी हाक मारायची नाही, असं त्यांनी जाहीर केलं. पाहुणे आले तर खाली थांबतील. पोरं रडली तर मालकांच्या खोलीत येतील. घरी असलेल्या पुरुषांनी चहा पाहिजे असेल तर तीनपर्यंत दम धरावा, नाहीतर मालक करून देतील. त्यांचा चहा इतका वाईट असे की लोक दम धरत.

सगळ्यांनी आधी चेष्टा केली. मग सवय झाली. त्या तासात सगळ्या बायका वाचत होत्या असं नाही. कोणी स्वेटर विणी, कोणी नुसती पडे. वरच्या मजल्यावरच्या एकीने खाली येऊन कबूल केलं की तिला पुस्तक उघडलं की झोप येते. मालक म्हणाले, "तास तुमचा आहे. मला जाब नको."

गॅसच्या सिलिंडरवरून मात्र वाट लागली. त्या काळात सिलिंडरसाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागे. शेवटी त्या वरच्या बाईंचं सिलिंडर आलं, ते नेमकं अडीच वाजता. मालकांनी गाडीवाल्याला सांगितलं, तीनला या. तो कशाला येतोय? बाईंना कळलं तेव्हा त्या जिन्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "आधी सिलिंडर, मग वाचन. एवढंही कळत नाही का हो तुम्हाला?"

"चुकलं," मालक म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःचं सिलिंडर माझ्या नवऱ्याला वर चढवायला लावलं आणि पुढचे कित्येक दिवस वातीच्या स्टोव्हवर खिचडी करून खाल्ली. त्यानंतर गॅसवाल्याला तेवढी दोन ते तीनमध्ये परवानगी मिळाली.

आणि मग एक दिवस त्याच तासात त्यांची बहीण आली.

मालकांना एक थोरली बहीण होती, हे मला माहीत होतं. ठाण्याला मुलाकडे राहत. आक्का म्हणत त्यांना. वाचनालयातल्या भाषणाची बातमी कुणा नातेवाइकाकडून त्यांच्या कानावर गेली होती. मी गॅलरीत पुस्तक घेऊन बसले होते. खाली टॅक्सी थांबली. काठी टेकत एक बुटक्या, गोऱ्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या बाई आत आल्या. मुलगा टॅक्सीपाशीच उभा राहिला.

"तीनपर्यंत वर जाता येणार नाही, आक्का," मालक म्हणाले.

"मला वर जायचं नाही. आईच्या वह्या दे. न्यायला आलेय."

मालकांनी खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः पायरीवर बसले. "अब्रूचं म्हणत असशील तर मी..."

"अब्रूचं काय घेऊन बसलास? सगळ्या बायकांना होतं ते." आक्कांचा आवाज चढला नव्हता, पण वरपर्यंत नीट ऐकू येत होता. मी उठून जिन्याच्या वळणापर्यंत आले. "तू सभेत सांगितलंस, आई चार दिवस वाचत बसायची. बसायची. भिंतीला टेकून, पाय लांब करून. मला अजून दिसते. तेव्हा घरात स्वयंपाक कोण करायचं, ते सांगितलंस का?"

मालक पायरीवर पुढे सरकून बसले.

"आजी अंथरुणाला खिळलेली. बाबांना नऊच्या ठोक्याला ताट लागायचं. एवढी होते मी." आक्कांनी हात जमिनीपासून जरा वर धरला. "पातेलं उतरवताना परकर पेटेल म्हणून तो गुडघ्यांत धरून बसायची. आई तिकडून सांगायची, पाणी घाल, जाळ कमी कर. पुस्तकातून मान वर न करता. आणि तू माझ्या कडेवर. तू खाली बसतच नसायचास."

"मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? इतकी वर्षं तू तिच्या वह्या वाचतोयस, पण तू त्यात फक्त पुस्तकं शोधलीस."

वरच्या मजल्यावर कोणीतरी दार उघडलं आणि पुन्हा हलकेच लावून घेतलं.

मालकांनी अगदी हळू विचारलं, "आक्का, तुझे ते दिवस यायचे तेव्हा तू काय वाचायचीस?"

"मी झोपायची," आक्का म्हणाल्या. "सासरी मला झोप अशी तेवढीच मिळाली."

तेवढ्यात मला एक वाक्य आठवलं. उतरवताना ते माझ्या लक्षात राहिलं होतं, कारण ते पेन्सिलीचं असून त्यात वाचन नव्हतं. मी परत वर गेले. ती वही माझ्याकडेच होती. पान सापडायला वेळ लागला. खाली आले तेव्हा मालक म्हणाले, "सूनबाई, तुमचा तास चाललाय अजून."

"असू दे," मी म्हणाले आणि पान उघडून वही त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ते वाक्य पूर्वी पाहिलं होतं. डब्यात त्या दिवसाचं कार्डही होतं, मला माहीत होतं. त्यावर लिहिलेलं होतं, वाचन नाही, कारण भात. आता त्यांनी चष्मा वर-खाली केला. पेन्सिल फार पुसट झाली होती. त्यांनी आक्कांना वाचून दाखवलं.

"आज भात लागला. पोरीस फार बोलले. मग वाचवेना."

आक्का काठीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. "पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

मालकांनी पुन्हा वाचलं.

"फार बोलले, असं लिहिलंय?"

"हो."

"फार, असं?"

"फार."

"तेवढं खरं लिहिलंय," आक्का म्हणाल्या. "फारच बोलली होती."

त्यांनी वहीसाठी हात पुढे केला. ते पान त्यांनी डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ. त्यांना ते वाचता येत होतं की नुसतं बघत होत्या, मला सांगता येणार नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि प्यायला पाणी मागितलं. मी आणून दिलं.

"बाकीच्या राहू देत तुझ्याकडे," त्या भावाला म्हणाल्या. "ही एवढी मी नेते."

वही त्यांनी हातातल्या पिशवीत घातली. मालक त्यांना धरून टॅक्सीपर्यंत घेऊन गेले. मी फाटकापाशी थांबले. मुलाने दार उघडलं, आक्का वाकून आत बसल्या, पाय आत घेतले आणि मग काच खाली करून भावाकडे बघत म्हणाल्या, "नऊ वर्षांची होते रे मी. भात लागणारच."